ट्राउगॉट सुताराचा डावा पाय

आमच्या ओटरग्रुंड गावात माणूस मेला की त्याची शवपेटी ट्राउगॉट लायपोल्ड करतो, आणि ती पेटी चर्चमधून बाहेर निघताना वर ऑर्गनवर निरोपाचं गीत वाजवतो तोही ट्राउगॉटच. म्हणजे मेल्यावरही त्याच्या हातून सुटका नाही. जिवंतपणी त्यानेच केलेल्या कपाटाचं दार नीट लागत नसतं, त्यावरून दोघांत अबोला असतो, आणि शेवटी त्याच्याच फळ्यांत आडवं व्हावं लागतं. थुरिंगियाच्या डोंगरातल्या एवढ्याशा गावाला दोन सुतार परवडत नाहीत, आणि दोन ऑर्गनवाले तर नाहीच नाही. तरी आता दोन झालेत. कसे झाले ते सांगतो.

मी गावचा न्हावी. वस्तरा गळ्याशी आला की माणूस खरं तरी बोलतो नाहीतर गप्प तरी बसतो, आणि नेमका कुठे गप्प बसला यावरूनही मला पुष्कळ कळतं. आयुष्यात मी ज्या हनुवट्या कापल्या त्यातल्या बहुतेक एकट्या ट्राउगॉटच्या. हा गृहस्थ खुर्चीत बसतो तो उठायच्या तयारीने. मान स्थिर, हात स्थिर आणि खाली डावा पाय सुरू. टाच टेकलेली, चवडा वरखाली. पायाने फळ्या हलतात, फळ्यांनी खुर्ची हलते, खुर्चीने हनुवटी हलते आणि नाव माझ्या वस्तऱ्याचं खराब होतं.

"ट्राउगॉट, पाय."

"मी कुठे काय करतोय?"

"तू नाही. पाय."

मग तो खाली असा बघायचा, जसं काही शेजाऱ्याचं कुत्रं आत शिरलंय.

तरुणपणी तो जत्रांमधून व्हायोलिन वाजवायचा. शरद ऋतूत एकेका गावच्या चर्चची जत्रा लागते, आठवडाभर नाच चालतो, आणि त्या दिवसांत ट्राउगॉटच्या डाव्या बुटाचा तळ झिजून जायचा, उजवा नवाच्या नवा. चांभार म्हणायचा, याला मी दोन डावे आणि एक उजवा असा जोड विकतो. बेकरीवाल्याची ओटिली त्या पायावरच भाळली. नाचताना ती जोडीदाराकडे न बघता वाजवणाऱ्याच्या बुटाकडे बघायची, हे मी स्वतः पाहिलंय, कारण जोडीदार मी होतो. असो. लग्न त्याच्याशी झालं आणि मग तिला कळलं की हा पाय झोपेतही थांबत नाही. पलंगाच्या पायथ्याची फळी रात्रभर वाजते. नवरा स्वतः सुतार, त्यामुळे फळी मोडली की दुसऱ्या दिवशी तो नवी, आधीच्याहून जाड बसवून देई. ती आणखी मोठ्याने वाजे.

पुढे आमच्या जुन्या ऑर्गनवाल्याची बोटं आखडली आणि गावात पट्ट्यांवर हात चालणारा दुसरा कोणी नव्हता म्हणून ट्राउगॉटला वर सज्जात बसवलं. ऑर्गनचं कसं आहे, हातांना दोन ओळी पट्ट्या आणि पायांना खाली आणखी एक ओळ, एकेक लाकडी पट्टी फावड्याच्या दांड्याएवढी. प्रत्येक अवयवाला काम. त्या रविवारी उपासना करून तो घरी आला, बटाट्याचे गोळे आणि भाजलेलं डुकराचं मटण पोटभर जेवला आणि झोपला. पाय हलला नाही. ओटिली घाबरून आरसा घेऊन आली, नाकाशी धरला. श्वास चालू होता. मग तीही शेजारी आडवी झाली, आणि दोघं थेट संध्याकाळी उठली. तेव्हापासून ओटिलीच्या लेखी त्या ऑर्गनसमोरच्या बाकड्याची किंमत सगळ्या घरापेक्षा जास्त. माझ्या बायकोला ती म्हणाली होती, "सुतारकी गेली तर मी पाव विकून घर चालवीन. ते बाकडं गेलं तर मात्र मी वेडी होईन."

आणि बाकडं जायची वेळ आली ती अशी.

आमच्या चर्चमध्ये गाणं हळू. हळू म्हणजे, एक ओळ गाऊन झाली की माणसं थांबतात, श्वास घेतात, शेजारीण कोणती टोपी घालून आलीय ते बघून घेतात, आणि तेवढ्या वेळात ऑर्गनवाला आपल्या मनाने काहीतरी वाजवत पुढच्या ओळीपर्यंत आणून सोडतो. त्याला आम्ही 'मधलं' म्हणतो. पंजोबांच्या काळापासून हे असंच. ट्राउगॉटचं मधलं ऐकायला मी कधीही जागा राहायचो, उपदेशाला नाही. आठवडाभरात जे जे त्याच्या कानावर पडलं ते त्यात यायचं. गिरणीवाल्या होयबाखच्या बदकांचं भांडण, ओटिलीची कॉफीची चक्की, एकदा तर माझी शिंक. लोक एकमेकांना कोपराने ढोसायचे. पण मधल्यातून ओळीत येताना पाय त्याला घाई लावायचा. ओळ थोडी पळायची, पुढची आणखी थोडी.

सुगीबद्दल देवाचे आभार मानायच्या रविवारी तर कहर झाला. आमचे पाळक टीलेमानसाहेब अंगाने भारदस्त. उपदेशाच्या व्यासपीठाचा जिना ते चढतात तोवर गीत चालू असायचं, वर पोचले की संपायचं, असा हिशोब ठरलेला. त्या दिवशी गीत संपलं तेव्हा साहेब जिन्याच्या मध्यावर होते. एक पाय वर, एक खाली, झगा दोन्ही हातांनी उचललेला, आणि पांढरे लोकरी मोजे सगळ्या गावाला दिसताहेत. चर्चमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. टाचणी पडली नाही, पण जिना करकरला.

सोमवारी साहेबांनी ट्राउगॉटला बोलावलं. सोबत होयबाख गिरणीवाला होता, चर्चच्या पंचांतला सगळ्यात कडक माणूस. साहेब म्हणाले, "ट्राउगॉट, मी रागावलेलो नाही."

"नाही ना? मग बरं झालं."

"रागावलोय मी," होयबाख म्हणाला. "उपासना आहे की उंदराची शर्यत?"

साहेबांनी सांगितलं ते सरळ होतं. नवे आसमुस मास्तर शाळेत रुजू झालेत, त्यांना ऑर्गन येतो, आणि घड्याळाला लाज वाटावी इतका संथ येतो. ट्राउगॉटचा पाय पुन्हा एकदा, एकदाच, सुटला तर बाकडं मास्तरांचं. ट्राउगॉट उभ्याउभ्या मान डोलवत होता. साहेबांनी नंतर मला दाढी करताना सांगितलं, तो हो म्हणत होता तेव्हाही खाली सतरंजी हलत होती.

आता त्या निरोपाच्या गीताबद्दल बोललं पाहिजे, कारण सगळा घोळ त्याच्यातच आहे. आमच्याकडे ते फक्त मयताला. चर्चच्या भिंतीवर एक रंगवलेली फळी आहे. महामारीच्या साली आमच्या एका पाळकाच्या कानात देवदूत ही चाल सांगतोय, असं तिच्यावर चित्र. देवदूत जरा तिरळा आहे, त्यामुळे तो कोणाच्या कानात सांगतोय ते नीट कळत नाही, पण गावाची त्यावर श्रद्धा आहे. डोंगराच्या पलीकडे काल्टनरोडे गाव. तिथे हीच चाल, सुरासकट हीच, त्यांचा पितळी बँड लग्नात वाजवतो. नवरी बापाच्या घरातून निघते तेव्हा. तिला ते 'उंबरठ्याचा नाच' म्हणतात, आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी सगळं वऱ्हाड एकदम उंबरठ्यावर पाय आपटतं, नवरीची पाठवणी पक्की झाली म्हणून. त्यांचं म्हणणं, एका गिरणीवाल्याच्या पोरीने सोडून चाललेल्या बासरीवाल्यासाठी ती रचली आणि आमच्या पाळकाने ती चोरून तिला काळे कपडे घातले. आमचं म्हणणं, चोर ते.

माझ्या खुर्चीत तिसरी हकिकत ऐकायला मिळाली आहे. मोठ्या लढाईच्या काळात फौजेतून पळालेला एक बासरीवाला बर्फात या दोन गावांच्या मधोमध अडकला. भूक लागली तसा काल्टनरोडेत गेला, तिथे लग्न होतं, भरभर वाजवलं, रस्सा मिळाला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला, इथे मयत होतं, हळू वाजवलं, पुन्हा रस्सा मिळाला. बिचाऱ्याला एकच चाल येत होती. याला पुरावा काही नाही, म्हणून मला ही हकिकत सगळ्यात खरी वाटते.

आणि त्या चालीला तरी कुठे बूड होतं? रंगरूट लढाईला निघाले की बँड तीच वाजवी, पावलं पडतील अशी. जत्रेतला हाताने बाजा फिरवणारा म्हातारा तीच फिरवी, आणि त्याचं माकड तिच्यावर टोपी काढी. पलीकडच्या खोऱ्यात बिअरचे असे मग मिळायचे की उचलला की तळातून तीच चाल टिणटिणते, त्यामुळे खरा पिणारा मग खालीच ठेवत नसे. वायमारहून एक चष्मेवाले संगीतकार आले होते, ट्राउगॉटकडून ती चाल चारदा वाजवून घेतली आणि शंभर वादकांसाठी एक मोठी रचना केली. आमच्यातले पाच-सहा जण रविवारचे कपडे घालून ऐकायला गेलो. होयबाख शेवटपर्यंत वाट बघत बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "आपली कधी आली?" ट्राउगॉट म्हणाला, "चारदा येऊन गेली. एकदा ढोलात होती." होयबाखने ते अजून त्याला माफ केलेलं नाही.

आता पोलोनी आजी. आपोलोनिया तिचं पुरतं नाव, माहेर काल्टनरोडे. ती लग्न होऊन डोंगर ओलांडून आली तेव्हा त्यांचा बँड वेशीपर्यंत उंबरठ्याचा नाच वाजवत आला होता. पहिल्याच रविवारी इथे कोणाचं तरी मयत निघालं आणि ऑर्गनवर तीच चाल सुरू झाली, रडतखडत, दर ओळीला थांबत. नवी नवरी, गच्च भरलेलं चर्च, समोर पेटी, आणि ही खुदकन हसली. मग तिला आवरेना. सासूने रुमाल तोंडात कोंबला. वीस वर्षं गावातल्या बायका तिच्याशी नीट बोलल्या नाहीत, आणि जी पहिली बोलली ती फक्त विचारायला की तेव्हा हसायला काय आलं होतं. त्यानंतर गावातल्या प्रत्येक मयताला पोलोनी शेवटच्या बाकावर बसायची, हातमोजा दातात धरून.

ती थकली तेव्हा एक दिवस काठी टेकत ट्राउगॉटच्या कारखान्यात आली. मी तिथेच होतो, वस्तऱ्याला नवी मूठ बसवून घ्यायला.

"ये आजी. बस," ट्राउगॉट म्हणाला.

"बसायला नाही आले. माप घे."

"अजून वेळ आहे की."

"तुझं लाकूड वाळायला वेळ लागतो, मला ठाऊक आहे. गेल्या खेपेची पेटी उन्हाळ्यात फाकली होती. घे माप."

त्याने पट्टी काढली, तिला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. ती ताठ उभी राहिली, फोटोला उभं राहावं तशी. मग म्हणाली, "आणि ऐक. मी या गावात ज्या गतीने आले, त्याच गतीने मला बाहेर ने."

ट्राउगॉटच्या हातातली पट्टी सुर्रकन गुंडाळली गेली. "ते नाही जमायचं आजी. पाळकसाहेबांनी सांगून ठेवलंय."

"साहेबांचं काय? त्यांना कुठे न्यायचंय, मला न्यायचंय."

"माझं बाकडं जाईल."

"आयुष्यभर मी हातमोजा चावला रे. एक दिवस तू ओठ चाव आणि वाजव."

"आजी, ओटिली मला घरात घेणार नाही."

"पाय बाहेर ठेव आणि बाकीचा आत जा," ती म्हणाली, आणि निघाली. दारात वळून त्याच्या बुटाकडे बघितलं. सालपटांच्या ढिगात तो चालूच होता. "तो बघ, तो हो म्हणतोय," म्हातारी म्हणाली.

त्याने वचन दिलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्याने तिची पेटी मात्र केली, ओकची, आणि वाळायला उभी करून ठेवली. पोलोनी आजी मधूनमधून येऊन तिच्यावर टिचकी मारून बघायची.

ती गेली पहिल्या बर्फाच्या आधी. बातमी कळली तशी ओटिली लोकरीच्या जाड नमद्याच्या सपाता शिवायला बसली, दुहेरी तळाच्या. मयताच्या सकाळी स्वतः त्याच्या पायात चढवल्या, वरून दोरीने बांधल्या.

"यात पायाखालची पट्टी लागत नाही नीट," तो म्हणाला.

"तेवढंच हवंय मला."

"ओटिली, डोंगरापलीकडून तिचे नातलग यायचेत. तिचा भाऊ पण."

"येऊ देत. त्यांना कॉफी मी देईन, साखरेचा केक देईन. तू फक्त हळू वाजव. सांग, काय करायचं?"

"हळू वाजवायचं."

"पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं. काळे कपडे घालून तयार झालेली ती त्याच्या मागे जिना चढून थेट सज्जात गेली, लहान पोराला शाळेत सोडावं तशी.

काल्टनरोडेचे लोक डोंगर चढून आले, चांगले जाड बूट घातलेले, पंचवीस-तीस माणसं. उजवीकडचे सगळे बाक भरले. पुढे पोलोनीचा भाऊ वेंडेल, तिच्याहूनही म्हातारा, आयुष्यभर त्यांच्या बँडमध्ये मोठा पितळी कर्णा वाजवलेला, गाल अजून फुगलेले. डावीकडे आम्ही. मधे ओकची पेटी. आसमुस मास्तर पहिल्या बाकावर, हात मांडीवर, बोटं आधीच मनातल्या मनात चालू. साहेबांचा उपदेश झाला, पेटी उचलणारे सहा जण उभे राहिले आणि निरोपाचं गीत सुरू झालं.

पहिली ओळ. खरं सांगतो, इतकी संथ ओळ ट्राउगॉटने कधी वाजवली नव्हती. मग मधलं, त्यात बदक नाही की चक्की नाही, नुसते सोवळे सूर. काल्टनरोडेच्या लोकांना बसून, थांबून ही चाल गायची सवयच नाही. ते मधल्यात पुढे गेले, कोणीतरी खाकरलं, परत मागे आले, ओशाळून पुस्तकात तोंड घातलं. दुसरी ओळ. पुन्हा तेच. वर सज्जात ओटिली ऑर्गनला हवा भरणाऱ्या भात्याच्या दांड्याशेजारी उभी होती, नवऱ्याच्या पायावर डोळे लावून. सपाता शहाण्यासारख्या चालल्या होत्या. तिने मला नंतर सांगितलं, त्या क्षणी तिला वाटलं, झालं, सुटलो.

तिसरी ओळ संपली.

आणि वेंडेलने पाय आपटला. म्हाताऱ्याने मुद्दाम नाही केलं. सत्तर वर्षं त्या ओळीच्या शेवटी ज्याचा पाय आपटला तो काय करणार? बहिणीची पेटी समोर उचललेली, डोळे मिटलेले, आणि बूट आपोआप पडला. त्याच्या मागे पंचवीस-तीस बूट एकदम पडले. चर्चच्या फळ्यांखाली पोकळी आहे, त्यामुळे असा दणका झाला की भिंतीवरचा तिरळा देवदूत खिळ्यावर हलला. पडताक्षणी सगळ्या पाहुण्यांचे चेहरे पांढरे पडले. आपण कुठे बसलोय ते त्यांना तेव्हा आठवलं.

तो दणका विरायच्या आत वरून उत्तर आलं. ऑर्गनच्या सगळ्यात जाड नळीतून, जी एरवी फक्त ईस्टरला बोलते, एक सूर. डाव्या पायाचा. नमद्याची सपात सज्जाच्या कठड्यावरून उडून खाली आली आणि आसमुस मास्तरांच्या मांडीवर पडली. मग मधलं नाही, थांबणं नाही, श्वास नाही. चौथी ओळ लग्नाच्या गतीने धावत सुटली. पलीकडच्यांना तेवढंच हवं होतं, त्यांनी गळे मोकळे सोडले. आमच्याकडे होयबाख ओरडून हळू गात राहिला, एकटाच, दीड ओळ. पेटीवाल्यांचे पाय गाण्याला लागले आणि पेटी निघाली. पुढे पाळकसाहेब. आधी चालत, मग भरभर चालत, मग झगा धरून, कारण मागून ओकची पेटी येत होती आणि ती थांबणाऱ्यातली नव्हती. दारात उंबरठ्याशी सहाही जणांनी एकदम पाय आपटला. ते सहाही ओटरग्रुंडचे. त्यांना कोणी शिकवलं होतं, देव जाणे.

माझ्या शेजारी माझी बायको हातमोजा दातात धरून बसली होती.

दफनभूमीतून परतल्यावर कॉफी आणि केकच्या टेबलावर दोन्ही गावांचं जे भांडण झालं ते सांगत बसलो तर रात्र होईल. चाल कोणाची, चोर कोण, देवदूत की बासरीवाला, सगळं निघालं. एकटा वेंडेल बाजूला बसून ट्राउगॉटचा हात धरून होता. "पाठवणी झाली रे," एवढंच म्हणत होता. साहेब त्या दोघांपाशी आले. माणूस वाईट नव्हता, त्याने सुटकेला एक दार उघडं ठेवलं.

"ट्राउगॉट, ते तुझ्याकडून चुकून झालं ना?"

ओटिलीने केकची सुरी हवेत धरली. नुसतं हो म्हणायचं होतं.

"पहिला सूर चुकून, साहेब," ट्राउगॉट म्हणाला. "पुढचे नाही."

बाकडं गेलं. पुढच्या रविवारपासून वर आसमुस मास्तर, आणि ट्राउगॉट खाली बाकावर बायकोशेजारी. घरी फळी रात्रभर वाजायला लागली. ओटिलीच्या डोळ्यांखाली काळं आलं, बेकरीत ती मीठ दोनदा घालू लागली, आणि गावभर लोक खारट पाव खात एकमेकांकडे संशयाने बघू लागले. ट्राउगॉट कामात मन लावेना. अर्धी खुर्ची करून सोडायचा, डोंगरावर चढून यायचा, मग दुसरी अर्धी करायचा. माझ्याकडे दाढीला आला की मी आधीच तुरटी काढून ठेवायचो.

पण चर्चमध्ये भलतंच सुरू झालं. खाली बसलेल्या ट्राउगॉटचा पाय फळीवर वाजायचा. मुद्दाम नव्हे. आणि लोक वरचा ऑर्गन सोडून खालच्या पायाबरोबर गायला लागले. मास्तर एक ओळ संपवून आपलं काटेकोर मधलं सुरू करत तोवर गाव पुढच्या ओळीच्या मध्यावर. मास्तर घामाघूम. साहेबांनी त्या बाकाखाली आपल्या घरची सतरंजी टाकून घेतली. दोन रविवार शांत गेले. तिसऱ्या रविवारी ट्राउगॉटचा पाय स्थिर आणि तरी ठोका ऐकू येतोय. सगळ्यांनी माना वळवल्या. ओटिलीचा होता. "इतकी वर्षं शेजारी झोपलेय, मलाही ती सवय लागली," ती म्हणाली, आणि तिला तेवढंच म्हणायचं होतं.

एखाद्याला ऑर्गनवरून उठवता येतं, चर्चला येऊ नको असं पाळकाला म्हणता येत नाही. साहेब कातावले होते. त्यातच होयबाखच्या छातीत पाणी झालं आणि त्याने साहेबांना बोलावून घेतलं.

"माझ्या वेळेला मास्तर नको," तो म्हणाला. "ट्राउगॉट पाहिजे."

"अहो, त्याची तक्रार तुम्हीच केली होती."

"तक्रार उभ्याने केली होती. आता आडवा पडून सांगतोय. मास्तरांच्या हाताखाली मी दारापर्यंत पोचेन तोवर वसंत येईल."

होयबाख बरा झाला, पण बोललेलं गावात पसरलं. पोलोनी आजीची पेटी ज्यांनी जाताना पाहिली होती त्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकेक करून साहेबांना तेच सांगून ठेवलं. कोणी उघड, कोणी माझ्यामार्फत. शेवटी साहेबांनी तोड काढली. रविवारी मास्तर. मयताला ट्राउगॉट, ज्याचं मयत त्याने जिवंतपणी सांगितलेल्या गतीने.

सगळ्यांना वाटलं, मिटलं. कुठलं मिटतंय? तुम्हीच विचार करा, या माणसाला आता स्वस्थता कधी मिळणार? कोणीतरी मेल्यावर. मयताच्या रात्री तो गाढ झोपतो, ओटिली झोपते, दुसऱ्या दिवशी पाव चांगला होतो. आणि गावातली माणसं महिनोन्महिने मरत नाहीत, इथली हवा चांगली आहे. मग तो घरोघर फिरतो. सुतार तो, पेटीचा सुतार, दारात उभा राहून मायेने विचारतो, "खोकला कसा आहे? गुडघे काय म्हणतात? जिना चढताना धाप लागते का?" होयबाखने त्याच्यावर बदकं सोडली होती.

गेल्या महिन्यापासून मला खोकला आहे. ट्राउगॉट रोज येतो. आज ओटिलीने त्याच्याबरोबर कढत रस्सा पाठवला होता, कोंबडीचा.

"ओटिली म्हणाली, लवकर बरा हो," तो म्हणाला.

"आणि तू काय म्हणतोस?"

"मीही तेच." तो खिडकीबाहेर बघत होता. पाय माझ्या फळ्या हलवत होता, बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या. "कास्पर, तू अजून सांगितलं नाहीस. हळू की भरभर?"

"ठरलं नाही अजून."

"सगळ्या गावाचं ठरलंय."

"माझं नाही ठरलं. घाई आहे का तुला?"

"मला कसली घाई?"

आम्ही दोघांनीही खाली बघितलं.

"उद्या ये," मी म्हणालो. "विचार करून ठेवतो."

"काल पण हेच म्हणालास."

"काल रस्सा कुठे होता?"

तो टोपी घालून निघाला. माझं केव्हाच ठरलंय, पोलोनी आजीची पेटी चर्चच्या दाराबाहेर पडली त्याच दिवशी. पण ते सांगून टाकलं तर उद्या तो कशाला येईल, आणि रस्सा तरी कोण पाठवील? दारात थांबून त्याने माझ्या उंबरठ्यावर डावा पाय जोरात आपटला. मी वर बघितलं तर म्हणाला, बुटावरचा बर्फ झटकतोय.

तो आत येतानाच झटकायचा असतो, हे मी त्याला सांगितलं नाही.